भरण उभे, दात उतरलेला

नागपुरातल्या रामदासपेठेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मामांच्या खालच्या दाढेचा फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला, तेव्हा माझी नजर आधी भरलेली जागा शोधू लागली. थंड पाणी लागले की कळ येते, म्हणून मामा आले होते, आणि बरीच वर्षे जुने असलेले दाताच्या रंगाचे भरण निघाले असणार, असे त्यांनी घरूनच ठरवून टाकले होते. फोटोत भरण निघालेले नव्हते. उलट ते दाढेच्या मधोमध ठसठशीत उभे होते, त्याच्या कडा चारी बाजूंनी उघड्या दिसत होत्या आणि भोवतालचा दात त्याच्यापेक्षा खाली गेला होता. फुटाळा तलावाचे पाणी वैशाखात उतरते आणि एरवी बुडालेले दगड वर दिसू लागतात, तसे काहीसे ते दृश्य होते. दाढेच्या उंचवट्यांवर वाटीसारखे गोल खळगे पडले होते आणि त्यांच्या तळाशी आतला पिवळसर थर दिसत होता. दाताचा बाकी पृष्ठभाग मात्र गुळगुळीत, जवळजवळ चकचकीत होता. कीड कुठेच नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘काका, फिलिंग जसंच्या तसं आहे. दातच त्याच्या भोवतीनं झिजलाय.’’ मामा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, ‘‘म्हणजे माणसानं भरलेलं टिकलं, अन् देवानं देल्लं गेलं? असं काहून जी?’’

हा प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून गेला नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आम्ल, सामू (म्हणजे पीएच; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र), क्षार हे माझ्या रोजच्या फळ्यावरचे शब्द आहेत. तरीही दातात भरलेल्या पदार्थाचे आंबट पेयांपुढे काय होते, याचा विचार मी नेहमी एकाच बाजूने करीत आले होते, की आंबट प्यायले तर भरण टिकेल का? दाढेचा तो फोटो दुसरेच काही विचारत होता.

मामांचा सारा जन्म संत्र्यात गेला. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचे बगीचे बहारावर असतानाच पाहून ठेवायचे, माल कळमन्याच्या बाजारात आणायचा, आणि ढिगाजवळ उभे राहून भाव सांगायचा, हे त्यांनी तरुणपणापासून केले. भाव सांगण्यापूर्वी फळ चाखावेच लागते. अंगठ्याने साल फोडायची, तेलाचा बारीक फवारा हवेत उडतो आणि डोळ्यांना किंचित झोंबतो, एक फोड तोंडात टाकायची, दातांनी दाबून रस जिभेवर आणि गालांच्या आत फिरवायचा, चोथा टाकायचा आणि पुढच्या ढिगाकडे जायचे. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराचा माल सुरू होतो. त्यातली पहिली फळे चांगलीच आंबट असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराचा माल येतो, तो गोडीला उतरलेला असतो. लहानपणी सुटीत मी मामांबरोबर पहाटे बाजारात जात असे. सकाळी नवाच्या सुमारास मामांचे दात आंबलेले असत आणि घरून आणलेली पोळी त्यांना चावता येत नसे. ते ती चहात बुडवून खात. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटे. दात आंबतात म्हणजे दाताच्या वरच्या थरातून खनिज निघून जात आहे आणि आतल्या संवेदनशील थराला ते कळते आहे, हे तेव्हा सांगणारे कोणी नव्हते.

कीड आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरांनी मामांना समजावून सांगितले तेव्हा ते मला फार मोलाचे वाटले. किडीत जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल एखाद्या सांदीत, दाताला चिकटलेल्या थराखाली, एका जागी दाताला पोखरत राहते. झिजेत जंतूंचा संबंध नसतो. आम्ल बाहेरून, थेट खाण्यापिण्यातून येते आणि उघड्या पृष्ठभागावरून पातळ पातळ थर घेऊन जाते. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. शरीरात त्याहून कठीण काही नाही. मात्र हे खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेटचे असते आणि सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळू लागते. संत्र्याच्या रसाचा सामू साडेतीन-चारच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच, कोलाचा अडीचच्या जवळ. सामूची मोजपट्टी एकेका अंकाला दहापट बदलते, म्हणून ५.५ आणि २.५ यांच्यातले अंतर हजारपटीचे असते. विद्यार्थ्यांना मी हे गणित दर वर्षी शिकवते. आपल्या माणसाच्या दाढेवर ते लिहिलेले पाहताना मात्र बरे वाटत नाही.

आता भरणाविषयी. माझ्या आईच्या पिढीत दाढेत चांदी भरत. ती चांदी दाताला चिकटत नसे. तिच्यासाठी दात आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरावा लागे, म्हणजे ती आत अडकून राही, आणि त्यापायी चांगला दातही थोडा कोरला जाई. दाताच्या रंगाचे भरण चिकटते. ते कसे चिकटते, याची हकिगत मला रसायनशास्त्रातल्या फार सुंदर हकिगतींपैकी एक वाटते. अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे मायकेल बुओनोकोर नावाचे दंतशास्त्रज्ञ होते. कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फॉरिक आम्लाने पृष्ठभाग तयार करतात, हे त्यांना ठाऊक होते. दाताच्या बाबतीत तसे का करू नये, असे त्यांच्या मनात आले. १९५५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ८५ टक्के फॉस्फॉरिक आम्ल ३० सेकंद एनॅमलला लावले होते, आणि त्यानंतर अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक त्या पृष्ठभागाला कितीतरी अधिक घट्ट धरून राहिले. आज हे आम्ल ३७ टक्क्यांच्या आसपास असते. निळ्या रंगाच्या जेलच्या रूपात ते पंधरा ते तीस सेकंद लावतात आणि पाण्याने धुऊन टाकतात. वाळल्यावर एनॅमल खडूसारखे पांढुरके दिसते, कारण त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडलेली असतात. पातळ रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे चिकट द्रव्य, त्या छिद्रांत उतरते, निळ्या प्रकाशाखाली काही सेकंदांत कठीण होते आणि आतूनच धरून बसते.

म्हणजे दात आणि भरण यांची गाठ आम्लानेच बांधलेली असते.

फॉस्फॉरिक आम्ल कोलाच्या बाटलीतही असते. तेच आम्ल मोजून, थोडा वेळ, कोरड्या केलेल्या दातावर लावले तर गाठ बांधते, आणि बाटलीतून घोटाघोटाने, वर्षानुवर्षे तोंडात येत राहिले तर त्या गाठीभोवतीचा दात घेऊन जाते. या बाबतीत आपल्या विदर्भातली एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या माणसांच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी डाग असतात. तसल्या एनॅमलचा वरचा थर आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे भरण चिकटवायचे तर आम्ल अधिक वेळ लावावे लागते किंवा तो थर आधी हलकासा घासून घ्यावा लागतो.

भरणाचा मुख्य पदार्थही समजून घेण्याजोगा आहे. राफेल बोवेन यांनी १९६२ साली पेटंट घेतलेल्या रेझिनवर आजची बहुतेक कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाची भरणे, उभी आहेत. या रेझिनमध्ये काचेचे आणि सिलिकाचे अतिशय बारीक कण मिसळलेले असतात, आणि कण व रेझिन एकमेकांना सोडू नयेत म्हणून कणांवर सिलेन या जोडणाऱ्या रसायनाचा लेप असतो. दातात भरताना ते दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात, कारण निळा प्रकाश त्याहून खोल नीट पोचत नाही. कठीण होताना ते दोन-तीन टक्के आकसते. त्या आकसण्याचा ताण दाताच्या कडेवर येतो, म्हणूनच थर घाईने भरले तर कडा फटीसारखी उघडू शकते. यातले काहीही कॅल्शियम-फॉस्फेटचे नाही. एकमेकांत गुंतलेल्या लांब साखळ्यांचे जाळे आणि काच यांना लिंबाचे किंवा संत्र्याचे आम्ल एनॅमलसारखे विरघळवू शकत नाही. मामांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे होते. माणसाने भरलेले टिकले, कारण ते वेगळ्याच घडणीचे होते.

पण त्याला काहीच होत नाही, असे म्हणता येणार नाही. रेझिन थोडे पाणी शोषते आणि त्याने मऊ पडते. आंबट पेयात दीर्घकाळ बुडवून ठेवलेल्या कॉम्पोझिटच्या चकत्यांचा वरचा थर नरम होतो, पृष्ठभाग खरखरीत होतो, काचेचे काही कण सैल होतात आणि मग चहाचा, हळदीचा रंग त्यात बसू लागतो. लाळेतली आणि जंतूंची काही विकरेही (एन्झाइम) रेझिनमधले एस्टर बंध हळूहळू तोडतात. तरीही चकतीवरचा प्रयोग आणि माणसाचे तोंड यांच्यात मोठे अंतर आहे, हे मला एक शिक्षिका म्हणून आवर्जून सांगावेसे वाटते. प्रयोगाच्या पेल्यात लाळ नसते. तिथे आम्ल तासन् तास स्थिर असते, आणि तोंडात घोट गिळला की काही मिनिटांत लाळ त्याला धुऊन काढते. प्रयोगातून कोणता पदार्थ कोणापेक्षा बरा, हे नीट कळते. तोंडात तो किती वर्षे टिकेल, हे त्यावरून ठरवणे योग्य नाही. दाढांतल्या कॉम्पोझिट भरणांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून केलेल्या पाहण्यांत दर वर्षी शंभरांतली एक ते तीन निकामी होताना दिसली आहेत, आणि त्याची मुख्य कारणे कडेला पुन्हा लागलेली कीड आणि तुटणे ही आहेत.

भरण कडेला सुटू शकते, याचा पुरावा मामांच्याच तोंडात होता. वरच्या एका दाताच्या मानेला, अगदी हिरडीजवळ, आणखी एक भरण होते आणि त्याच्या हिरडीकडच्या कडेला तपकिरी रेघ आली होती. दाढेतले भरण ताठ उभे आणि हे मात्र कडेने सुटू पाहणारे, याचे कारण गाठ कशाशी बांधली आहे यात आहे. दाताच्या मानेपाशी एनॅमल अगदी पातळ होत संपते आणि खाली डेंटिन, म्हणजे दाताचा आतला पिवळसर थर, असतो. डेंटिन वजनाने सुमारे सत्तर टक्केच खनिज, बाकी कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी. त्यात आतल्या नसेकडे जाणाऱ्या ओलसर सूक्ष्म नळ्या असतात. कोरड्या, खनिजाच्या एनॅमलला रेझिन धरते तसे या ओल्या, जिवंत थराला धरत नाही. आम्लाने खनिज काढून उघड्या केलेल्या कोलॅजनच्या जाळ्यात रेझिन शिरते आणि दोघांचा मिळून एक मिश्र थर तयार होतो, हे जपानमध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवले. पुढे कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध करणारी द्रव्येही आली. तरीही त्या थरात जिथे रेझिन पुरते पोचलेले नसते, तिथे पाणी शिरते आणि डेंटिनमधलीच विकरे उघडे पडलेले कोलॅजन खात जातात. शिवाय डेंटिन आम्लाला एनॅमलच्याही आधी शरण जाते. सामू साडेसहाच्या आसपास आला की त्याचे खनिज सुटू लागते. म्हणजे जिथे गाठ मुळातच कमी घट्ट, तिथेच भोवतालचा दात अधिक लवकर जातो. आंबट पेयांपुढे भरण कसे टिकते, असे कोणी मला आज विचारले, तर मी आधी विचारीन की त्याची कड कुठे संपते, एनॅमलवर की डेंटिनवर?

हिरडीजवळच्या अशा जागी काही वेळा ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट भरतात. ते दाताच्या कॅल्शियमशी स्वतःच बंध करते, त्याला ओलाव्याची कॉम्पोझिटइतकी भीती नाही, आणि त्यातून फ्लोराइड झिरपत राहते. मला त्याचे रसायन मनापासून आवडते, कारण ते आम्ल आणि काच यांच्या अभिक्रियेतूनच घट्ट होते. पण ज्याची घडण आम्ल आणि धातूच्या आयनांतून झाली आहे, त्याला बाहेरचे आम्ल पुन्हा उकलूही शकते. सतत संत्री-लिंबू तोंडात असणाऱ्या माणसाच्या दातात ते कॉम्पोझिटपेक्षा लवकर विरघळते. डॉक्टरांनी मामांच्या बाबतीत ते टाळले, ते याचसाठी.

यापुढचा विचार मला दवाखान्याबाहेर, रस्त्यावर आल्यावर सुचत गेला. एप्रिल संपत आला होता आणि दुपारचे ऊन अंगावर येत होते. बर्डीकडे जाताना चौकाचौकांत लिंबू-सोड्याच्या गाड्या, उसाच्या रसाची गुऱ्हाळे आणि संत्र्याच्या रसाचे ठेले उभे होते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की नागपुरात माणूस दिवसभर काही ना काही पीतच असतो. कैरीचे पन्हे, अंबाडीचे सरबत, लिंबाचे पाणी, शीतपेयाची बाटली. या ऋतूत तोंड कोरडे पडलेले असते, आणि ही बाब दातांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. लाळेत बायकार्बोनेट असते, ते आम्ल निवळवते. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटही असते, ते नुकत्याच मऊ झालेल्या एनॅमलला थोडे खनिज परत देते. शरीरातले पाणी कमी झाले की लाळ आटते. म्हणजे ज्या वेळी आपण सर्वांत जास्त आंबट पितो, नेमक्या त्याच वेळी दातांचा राखणदार सर्वांत दुबळा झालेला असतो. घोट घोट करून तासभर पुरवलेली बाटली एका दमात प्यायलेल्या पेल्यापेक्षा अधिक नुकसान करते, ते यामुळेच. परीक्षेच्या दिवसांत माझे विद्यार्थी पुस्तकाशेजारी अशी बाटली ठेवून बसतात, आणि त्यांच्या नव्या, स्वच्छ दातांची मला काळजी वाटते.

सामू एकटाच सारे सांगत नाही, हेही इथे लिहायला हवे. कोलाचा सामू संत्र्याच्या रसापेक्षा कमी असतो, पण रसात एकूण आम्ल अधिक असते. ते निवळवायला लाळेला जास्त कष्ट पडतात, आणि सायट्रिक आम्ल कॅल्शियमला आपल्याकडे बांधूनही नेते. म्हणून रस फळाचा आहे, घरचा आहे, ताजा आहे, म्हणून तो दातांना सौम्य असेल, असे नाही. ताकाची गोष्ट वेगळी. तेही आंबट असते, सामू साडेचारच्या आसपास, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की दाताला आपले खनिज सोडण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडे भर उन्हात घरी आलेल्या माणसापुढे मठ्ठा ठेवण्याची रीत आहे. ती मला आता अधिक प्रिय वाटते.

मामांची एक सवय डॉक्टरांना सर्वांत जास्त खटकली. बाजारातून घरी आले की ते आधी दात घासत. तोंड आंबट झालेले असे, स्वच्छ वाटावे म्हणून. घासत तेही खरखरीत मंजनाने आणि बोट जोरात फिरवून. आम्लाने मऊ झालेला थर अर्धा-एक तास थांबले तर लाळेमुळे थोडा सावरतो. लगेच घासले तर तो सरळ निघून येतो. ‘‘इतकी वर्षं मी साफ राहायला गेलो, अन् तेच भोवलं,’’ असे मामा म्हणाले तेव्हा मला वाईट वाटले. त्यांच्या काळात बाजारात उभ्या असलेल्या कुणालाही हे कोणी सांगितलेले नव्हते. ज्या शहराची ओळखच या फळावर उभी आहे, तिथे ते रोज चाखणाऱ्या, सोलणाऱ्या, रस काढून विकणाऱ्या माणसांपर्यंत एवढी साधी माहिती पोचू नये, हे मला योग्य वाटत नाही. आंबट चाखल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, घासायला थांबावे, फ्लोराइड असलेली मऊ पेस्ट वापरावी, एवढेच तर सांगायचे आहे.

दाढेतले जुने भरण डॉक्टरांनी काढले नाही. ते काढताना चांगला दात आणखी गेला असता, म्हणून त्यांनी त्याचा पृष्ठभाग खरखरीत करून घेतला, भोवतालच्या एनॅमलला पुन्हा निळे जेल लावले, धुतले, वाळवले, आणि झिजलेल्या खळग्यांवर नवे कॉम्पोझिट चढवून दाढ भरणाच्या उंचीला आणली. मानेजवळचे भरण मात्र पूर्ण नवे केले. त्या कामात हिरडीचा ओलावा दूर ठेवायलाच सर्वांत जास्त वेळ गेला. जेल लावताना मामांनी हाताने थांबवून विचारले, ‘‘हे आम्लच ना?’’ डॉक्टर म्हणाल्या, ‘‘हो काका, पण वीस सेकंदांचं.’’

चाखणे मामांनी सोडलेले नाही, आणि ते सोडा असे मीही त्यांना म्हटलेले नाही. बाजारात अलीकडे काही जण रसाचा थेंब टाकून ब्रिक्स मोजण्याचे छोटे यंत्र घेऊन येतात. मी तसले यंत्र मामांना घेऊन देते म्हणाले, तर ते म्हणाले, ‘‘ते साखर सांगते पोरी, आंबट नाही सांगत.’’ त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. ब्रिक्स म्हणजे मुख्यतः विरघळलेली साखर. आम्लाचे प्रमाण काढायला वेगळे अनुमापन (टायट्रेशन) करावे लागते, आणि फळाची चव या दोहोंच्या प्रमाणात असते. तेव्हा यंत्राने गोडी पाहून ढीग निवडायचे आणि त्यांतल्या मोजक्याच फळांची फोड तोंडात टाकायची, असे आमचे ठरले आहे. पाण्याची बाटली ते आता सोबत ठेवतात. डॉक्टरांनी दाढेचे नवे फोटो काढून ठेवले आहेत. आंबियाचा हंगाम संपला की पुन्हा तसेच फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवायचे, आणि नव्या भरणाची कड दाताच्या वर आली आहे का, ते पाहायचे, असे त्यांनी सांगितले आहे.